लेकराला मेंटल हेल्थची मदत हवी आहे आणि आपण इंग्लंडात आहोत: कॅम्सपर्यंत पोचायचं कसं

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. आई आहे, इंग्लंडात येऊन बरीच वर्षं झाली, आणि लेकीसाठी ह्या सगळ्यातून गेलेय, आधी पूर्ण उलट्या दिशेने आणि मग नीट. तेव्हापासून ओळखीतले लोक अधूनमधून विचारतात, तेही कुजबुजत, गणपतीच्या आरतीनंतर पार्किंगमधे बाजूला घेऊन, "अगं तू ते कॅम्स का काय केलं होतंस ना, कसं करायचं असतं ते?" दर वेळी थंडीत उभं राहून अर्धंमुर्धं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. हे सगळं इंग्लंडपुरतं आहे हां, स्कॉटलंड वेल्सचे नियम थोडे वेगळे आहेत.

कॅम्स (CAMHS) म्हणजे एनएचएसची, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेची, मुलांच्या आणि टीनएजर्सच्या मानसिक आरोग्याची सेवा, बहुतेक ठिकाणी १८ व्या वर्षापर्यंत. सायकॉलॉजिस्ट, सायकायट्रिस्ट, नर्स, फॅमिली थेरपिस्ट अशी सगळी टीम असते.

पण आत्ता ह्या क्षणी घरात घाबरण्यासारखं काही चाललेलं असेल तर बाकीचं नंतर वाचा. जिवाला धोका असेल तर ९९९ किंवा सरळ ए अँड ई, म्हणजे हॉस्पिटलची इमर्जन्सी. धोका लगेचचा नाही पण रात्र कशी काढायची कळत नाहीये, तर १११ लावा आणि २ दाबा, मानसिक आरोग्याच्या क्रायसिससाठी तोच पर्याय आहे, दिवसरात्र चालू असतो, मुलांसाठीपण. मुलाने गोळ्या खाल्ल्या असतील तर "आता बरा दिसतोय, झोपू दे" असं अजिबात करू नका, पॅरासिटामॉलचा त्रास पहिल्या दिवशी बऱ्याचदा दिसतच नाही आणि आत लिव्हर खराब होत असतं, लगेच हॉस्पिटल. ह्यात आपल्या घरांची एक खास गोष्ट आहे. इथल्या फार्मसी सोडून बाकी दुकानांत पॅरासिटामॉलचं १६ गोळ्यांच्या वरचं पाकीट मिळत नाही, हा नियम १९९८ सालापासून मुद्दाम केलेला आहे, आणि आपण काय करतो, भारतातून येताना स्ट्रिप्सच्या स्ट्रिप्स आणतो, ती सगळी औषधं त्या जुन्या श्रीखंडाच्या डब्यात, किचनच्या वरच्या कपाटात, सगळ्यांना माहीत असलेल्या जागी. घरात मूल उदास असेल तर तो डबा आजच कुलपात टाका. मी टाकला तेव्हा नवरा म्हणाला "अति करतेस," पण कुलूप आणून त्यानेच लावलं.

आता व्हिसा, कारण पहिला प्रश्न तोच असतो आणि त्याच भीतीपायी लोक वर्षभर गप्प बसतात. वर्क व्हिसावर आला असाल तर बहुतेकांनी हेल्थ सरचार्ज आधीच भरलाय, ६ फेब्रुवारी २०२४ पासून तो मोठ्यांना वर्षाला १०३५ पाउंड आणि १८ च्या आतल्या मुलांना ७७६, म्हणजे पाच वर्षांच्या व्हिसावर एका पोराचे ३८८० पाउंड खिशातून गेलेत, ते काय फक्त सर्दीखोकल्यासाठी दिलेत का? एनएचएसची ट्रीटमेंट "पब्लिक फंड्स" मधे, म्हणजे सरकारी भत्त्यांमधे, मोडत नाही, शाळेतली जादा मदतही मोडत नाही, त्यामुळे कॅम्समधे गेलं म्हणून व्हिसाची अट मोडत नाही. मोडते ती दुसऱ्याच गोष्टीने: मुलाला डायग्नोसिस मिळालं की कुणीतरी प्रेमाने सांगतं की डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्सचा फॉर्म भरा. तो मात्र पब्लिक फंड आहे. व्हिसावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" लिहिलेलं असेल तर इमिग्रेशन सल्लागाराला विचारल्याशिवाय त्या फॉर्मला हात लावू नका.

आणि "उद्या लग्न जमवताना कळलं तर?" असंही मला विचारलंय एकीने, मुलगी इयर नाईनमधे आहे तिची. अहो, एनएचएसचं रेकॉर्ड नातेवाईकांना दिसत नाही. मंडळातून बातमी फुटेल ती तुम्हीच कुणाला सांगितलीत तर.

तर आता मुख्य गोष्ट. आपला सगळ्यात मोठा अडथळा माझ्या मते भाषा नाही, "बरं आहे" हे दोन शब्द आहेत. आपल्याला कुणी विचारलं कसं चाललंय, तर घर जळत असलं तरी आपण बरं आहे म्हणतो. माझ्या लेकीच्या पोटात दर रविवारी रात्री दुखायचं. तीनदा जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नेलं, रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली, दूध बंद करून पाहिलं. प्रत्येक वेळी डॉक्टरने विचारलं, घरी शाळेत सगळं ठीक ना? आणि मी प्रत्येक वेळी हसून, "हो हो, खूप हुशार आहे, सगळ्या विषयात पुढे आहे." डॉक्टरने लिहून घेतलं: काळजीचं कारण नाही. आठ महिने गेले त्यात. चूक डॉक्टरची होती का? थोडी होती, दहा मिनिटांत तिच्याशी एकटीशी कुणी बोललंच नाही. पण समोर जे सांगितलं तेच ते लिहिणार ना.

२०१७ च्या एनएचएसच्या मोठ्या सर्व्हेत ५ ते १९ वयाच्या व्हाइट ब्रिटिश मुलांमधे १४.९ टक्क्यांना मानसिक आजार निघाला आणि एशियन मुलांमधे ५.२ टक्क्यांना. आता ह्यातलं किती खरंच आपल्या कुटुंबांचा आधार म्हणून आणि किती "बरं आहे" मुळे, हे मी सांगू शकत नाही, पण तो सर्व्हे पालकांना, मुलांना आणि टीचर्सना विचारूनच करतात एवढं लक्षात घ्या.

त्यामुळे पहिली स्टेप वही. फोनमधली नोट चालेल, पण रोज लिहायचं, दोन आठवडे. भावना लिहू नका, घडलं ते लिहा. माझ्या वहीतलं एक पान असं होतं: "सोमवार, ६ ला उठली, बाथरूममधे ४० मिनिटं, उलटी नाही, शाळा नाही. मंगळवार, गेली, ११ ला ऑफिसचा फोन, घेऊन या. बुधवार, रात्री २ पर्यंत जागी, डबा तसाच परत. गुरुवार, मैत्रिणीचा वाढदिवस, तयार झाली, दारातून परत फिरली." हे पान दाखवलं तेव्हा चौथ्या खेपेला, दुसऱ्या एका डॉक्टरने, पाच मिनिटांत रेफरल केलं, म्हणजे कॅम्सकडे पाठवायची चिठ्ठी. झोप, जेवण, शाळा, मित्र, ह्या चारांवर काय फरक पडलाय आणि किती दिवसांपासून, ह्यालाच ते लोक इम्पॅक्ट म्हणतात आणि रेफरल घ्यायचं की नाही ते त्यावरच ठरतं. मुलाने स्वतःला इजा केली असेल किंवा "मला जगायचं नाही" म्हणालं असेल तर ते वाक्य त्याच शब्दांत सांगा. "जरा लो आहे" असं मऊ करून सांगू नका.

आणि हो, आपली मुलं मन दुखतंय असं म्हणत नाहीत, पोट, डोकं, पाय, छातीत धडधड असंच सांगतात, कारण घरात दुखण्याला किंमत आहे आणि रडण्याला नाही.

कुठून आत शिरायचं? जीपी हा एक रस्ता. अपॉइंटमेंट घेताना फॉर्मवरच स्पष्ट लिहा की मुलाच्या मानसिक आरोग्याबद्दल आहे आणि डबल अपॉइंटमेंट हवी. अजून जीपीकडे नाव नसेल तर आजच घाला, त्याला पासपोर्ट, व्हिसा, पत्त्याचा पुरावा काही लागत नाही, रिसेप्शनवर मागितला तरी तो नाही म्हणून परत पाठवता येत नाही. दुसरा रस्ता शाळा, आणि माझ्या मते पुष्कळदा हाच बरा. शाळेत सेंको असतो किंवा असते, म्हणजे जादा मदत लागणाऱ्या मुलांचं बघणारी टीचर, शिवाय हेड ऑफ इयर, आणि बऱ्याच शाळांशी आता मेंटल हेल्थ सपोर्ट टीम जोडलेली असते, ती लोकं शाळेतच येऊन मुलाला भेटतात, हलकी मध्यम चिंता उदासी असेल तर कॅम्सच्या रांगेत उभंच राहावं लागत नाही. रेफरल शाळाही करू शकते. तिसरा, काही भागांत पालक किंवा मूल स्वतः ऑनलाइन फॉर्म भरू शकतात, आपल्या गावाचं नाव आणि कॅम्स सेल्फ रेफरल असं सर्च करून बघा. इथल्या अभ्यासात दिसलंय की आपल्यासारख्या अल्पसंख्य घरांतली मुलं गोऱ्या मुलांच्या मानाने जीपीकडून कमी आणि शाळा, सोशल सर्व्हिसेस ह्यांच्याकडून जास्त येतात, म्हणजे बाहेरच्यांनी बघितल्यावर. स्वतःहून गेलेलं केव्हाही बरं.

शाळा बुडते त्याबद्दल जाताजाता. ऑगस्ट २०२४ पासून विनापरवानगी गैरहजेरीचा दंड प्रत्येक पालकाला ८० पाउंडांपासून सुरू होतो, आपले लोक त्याच्या धाकाने पोराला ओढत नेतात. मूल खरंच आजारी असेल, आणि मानसिक आजारसुद्धा आजारच आहे, तर ती रजा अधिकृत धरली जाते. फक्त रोज सकाळी ईमेलने कळवा, फोनने नको, ईमेल पुरावा म्हणून राहतो.

आता भाषा. एनएचएसमधे दुभाषा फुकट मिळतो, जीपीकडे आणि कॅम्समधेसुद्धा, आणि तो मागणं हा उपकार मागणं नाही. बुकिंग करतानाच सांगायचं, आणि "इंडियन" नाही, "मराठी" असं सांगायचं, आमच्या ओळखीत एका आजींसाठी गुजराती दुभाषा आला होता, दोघं बिचारे हिंदीत चाचपडत बसले. मुलाला दुभाषा करू नका, मोठ्या भावंडालाही नाही. लेकीने स्वतःच्याच दुखण्याचं भाषांतर आईला करून सांगायचं, विचार करा जरा. आणि "आम्हाला इंग्लिश येतं की" म्हणणाऱ्यांनी पण विचार करा, ऑफिसात तासभर इंग्रजीत प्रेझेंटेशन देणारा माझा नवरा "तिला जगावंसं वाटत नाही" हे इंग्रजीत म्हणताना अडकला, मग मराठीत म्हणाला आणि रडला. दुभाषा मंडळातलाच कुणी निघाला तर ही भीती खरी आहे, आपण आहोतच मूठभर. त्यावर उपाय म्हणजे फोनवरचा दुभाषा मागा, तो कुठल्यातरी दुसऱ्याच शहरात बसलेला असतो, आणि आडनाव न सांगता पहिल्या नावानेच बोलायचं असं आधी ठरवून घ्या.

रेफरल गेलं की काय होतं? खूप दिवस काहीच होत नाही. थांबणं महिनोन्महिने असतं, काही ठिकाणी वर्ष किंवा जास्त. ह्या काळात दोन ठिकाणी आपली माणसं सुटतात. एक, फोन येतो तो "नो कॉलर आयडी" म्हणून, एनएचएसचे बरेच फोन नंबर लपवून येतात, आणि आपण तो स्कॅम समजून कट करतो. रेफरल गेल्यावर असे फोन उचलायचे. दोन, एक पत्र येतं की अमुक तारखेच्या आत कळवा नाहीतर केस बंद करू, आणि ते पत्र पिझ्झाच्या कागदांत जातं किंवा आपण तेव्हा सुट्टीला भारतात असतो. उन्हाळ्यात सहा आठवडे जाणार असाल तर आधी ईमेलने कळवा आणि शेजाऱ्याला पत्रं उघडून फोटो पाठवायला सांगा.

रेफरल नाकारलंही जाऊ शकतं, "थ्रेशोल्डमधे बसत नाही" असं पत्र येतं. आमचंही पहिल्यांदा, म्हणजे शाळेने केलेलं, परत आलं होतं. अपमान वाटून गप्प बसू नका. लेखी कारण मागा, "मग ह्या मुलासाठी कोणती सेवा आहे" हे लेखी विचारा, आणि परिस्थिती बिघडली की नवीन तारखांसकट परत रेफर करायला सांगा. रांगेत असतानाही बिघडलं तर फोन करून सांगायचं, रांग पुढे सरकू शकते. आपल्याला वाटतं सारखं विचारलं तर राग येईल. कुणाला राग येत नाही, उलट न विचारणारा फोल्डरच्या तळाशी जातो.

एडीएचडी किंवा ऑटिझमची शंका असेल तर जीपीला "राइट टू चूज" बद्दल विचारा, म्हणजे एनएचएसच्याच खर्चाने दुसऱ्या संस्थेकडून असेसमेंट. तिथेही रांगा आहेत, पण विचारायला काय जातं.

दरम्यान हाताशी काय आहे ते सांगते. मुलासाठी चाइल्डलाइन, १९८६ पासून चालू आहे, नंबर ०८०० ११११, फुकट, आणि फोनच्या बिलावर दिसत नाही, हे मुलांना मुद्दाम सांगा, त्यांना पहिली भीती "आईला कळेल" हीच असते. बोलायचं नसेल तर ८५२५८ ला मेसेज, ती शाउट नावाची वेगळी सेवा आहे. बऱ्याच भागांत कूथ नावाची ऑनलाइन सेवा आहे, नाव न सांगता चॅट करता येतं. पालकांसाठी यंगमाइंड्सची हेल्पलाइन, ०८०८ ८०२ ५५४४, मी तिथे एकदा रडून मोकळी झाले, त्या बाईने शांतपणे पुढचे तीन फोन कुणाला करायचे ते सांगितलं. प्रायव्हेटकडे जाणार असाल तर सायकॉलॉजिस्टचं नाव एचसीपीसीच्या (HCPC), म्हणजे ह्या व्यवसायांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, रजिस्टरमधे आहे का ते आधी बघा, दोन मिनिटांचं काम आहे. भारतातल्या काउन्सेलरशी व्हिडिओवर मराठीत बोलणं हे बरेच जण करतात, मला ते वाईट वाटत नाही, आईबापांसाठी तर छानच, पण मुलाची इथली शाळा, इथले डॉक्टर ह्यांच्याशी तिचा संबंध नसतो आणि रात्री काही झालं तर ती काही करू शकत नाही, तेवढं धरून चाला आणि जीपीच्या कानावर घाला.

पहिली अपॉइंटमेंट. आधी फॉर्म येतील, त्यात बहुतेक २५ वाक्यांचा एक असतो, प्रत्येकापुढे तीन रकाने: खरं नाही, थोडंसं खरं, अगदी खरं. आपला हात आपोआप मधल्या रकान्याकडे जातो, कारण आपल्याला टोकाचं बोलायची लाज वाटते. त्याच वहीकडे बघून भरा. घराण्यात कुणाला असं काही होतं का, हे विचारतील. काकांनी नोकरी सोडून खोलीत कोंडून घेतलं होतं ते, आत्याच्या "बाहेरच्या बाधा" चं ते, सगळं सांगा, त्यांना ते उपयोगी पडतं आणि तिथे कुणी आत्याला ओळखत नाही.

मग ते मुलाशी एकट्याशी बोलतील. ह्यात संशय घेण्यासारखं काही नाही, सगळ्यांशी असंच करतात. मूल जे बोलेल ते सगळं आपल्याला सांगणार नाहीत, आणि हे आपल्याला फार जड जातं, "मी आई आहे, मला कसं सांगत नाही?" इथे १९८५ च्या गिलिक केसपासून असं आहे की १६ च्या आतलं मूलही पुरेसं समजूतदार असेल तर स्वतःच्या उपचाराला स्वतः हो म्हणू शकतं. जिवाला धोका किंवा कुणी त्रास देतंय असं कळलं तर मात्र ते गुपित ठेवत नाहीत. घरी मारता का, हेही विचारतील. खरं सांगा. पूर्वी हात उचलला असेल तर उचलला म्हणा, आता काय बदललं ते सांगा. वळ उठेल असं मारणं इथे कायद्यात बसत नाहीच, पण "मुलं काढून नेतात" ही जी व्हॉट्सॲपवरची गोष्ट आहे तसं एका अपॉइंटमेंटवरून होत नाही, सोशल सर्व्हिसेसकडे गेलेल्या कितीतरी गोष्टी मदत देऊनच संपतात.

औषध सुचवलं तर घाबरून नाही म्हणू नका आणि लगेच होही म्हणू नका, कशासाठी, किती दिवस, बंद कसं करतात, हे तीन विचारा. मुलांच्या डिप्रेशनला सहसा थेरपीच्या जोडीनेच औषध देतात. १६ च्या आत प्रिस्क्रिप्शन फुकट, आणि १६ ते १८ फुल टाइम शिक्षण चालू असेल तरी फुकट.

घरातल्या आजीआजोबांशी भांडत बसू नका. आमच्या सासूबाई मीठमोहऱ्या घेऊन दृष्ट काढायच्या, लेकीला ते आवडायचं उलट, पाच मिनिटं सगळं घर तिच्याकडे बघायचं. दृष्ट काढा, अंगारा लावा, फक्त अपॉइंटमेंट चुकवू नका.

कुणी तुम्हाला तोडून बोललं, दुभाषा नाकारला, किंवा "तुमच्या कल्चरमधे असंच असतं ना" म्हणून विषय संपवला, तर पॅल्सकडे (PALS), म्हणजे पेशंटचं म्हणणं ऐकणाऱ्या ऑफिसकडे, तक्रार करा, प्रत्येक हॉस्पिटल ट्रस्टमधे असतं ते, फुकट असतं आणि ट्रीटमेंट थांबत नाही त्याने. ऑक्टोबर २०२३ मधे मेंटल हेल्थ ट्रस्ट्ससाठी वांशिक समानतेची एक सक्तीची चौकट आलीये, पीसीआरईएफ म्हणतात, तक्रारीत ते नाव टाकलं की पत्राचं उत्तर जरा लवकर येतं असा माझा अनुभव.

शेवटचं, आयटीतल्या मंडळींसाठी खास. कॉन्ट्रॅक्ट बदलून दुसऱ्या गावी जाणार असाल तर जायच्या आधी कॅम्सला सांगा, भाग बदलला की टीम बदलते आणि काही वेळा रांग पहिल्यापासून सुरू होते. आतापर्यंतची सगळी पत्रं आणि असेसमेंट रिपोर्टची कॉपी मागून घ्या, नवीन जीपीकडे जाताना ती हातात हवी, आणि आधीचं रेफरल कुठल्या तारखेचं होतं ते त्यांना लिहून द्या. मूल १७ चं झालं असेल तर तेव्हाच विचारून ठेवा की १८ नंतर कोण बघणार, कारण मोठ्यांची टीम वेगळी असते आणि तिचाही फोन नो कॉलर आयडीवरूनच येतो.